कच्च्या लिंबांचा वर्ग

८ जून

आमच्या नर्सबाईंना अनेक आशीर्वाद.

तुमचा बोगदा डोंगराच्या पलीकडे निघाला की नाही? की अजून सगळे आतच कोरत बसलाय? तुझ्या पत्राची वाट बघून शेवटी मीच लिहायला बसले. भर दुपारी शिवणाचं मशीन बंद ठेवून लिहितेय, म्हणजे काहीतरी घडलंय हे तू ओळखलंच असशील. घाबरू नकोस, तुझी लेक ठणठणीत आहे. पेन्सिलींची टोकं कुरतडणं जोरात चालू आहे. खारू हे नाव मी ठेवलं आणि आता ती ते खरं करून दाखवतेय.

झालं असं, की मला शाळेत बोलावलं. हेडबाई म्हणाल्या, "मुलगी चुणचुणीत आहे, पण वाचनात फार मागे आहे. तिला पूरक वर्गात घालतोय." हे काय नवीन, असं विचारलं. तर म्हणे, ज्या मुलांची शाळा मध्येच बुडाली, ज्यांच्या घरी आजारपण झालं, ज्यांना घरी शिकवायला कुणी नाही, अशांसाठी वेगळा वर्ग काढलाय. बाकीच्यांचा भाषेचा तास चालू असताना ही पोरं तिकडे जाणार. मी म्हटलं, "घरी कुणी नाही म्हणजे? मी काय खुंटीला टांगलेली आहे?" त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

माझा भाऊ अंथरुणाला खिळला होता त्या वर्षी बापाच्या आजारपणात खारू शाळेत कमी आणि दवाखान्याच्या बाकावर जास्त होती, हे त्यांना कुठून तरी कळलंय. खरंच आहे ते, पण त्याचा असा शिक्का मारायचा? ती खोली व्हरांड्याच्या टोकाला, नळांच्या शेजारी आहे. शाळेतली पोरं तिला काय म्हणतात ठाऊक आहे? कच्च्या लिंबांचा वर्ग. खेळात लहानग्यांना घ्यायचं, पण त्यांच्यावर राज्य आणायचं नाही, तसं. खारूने मला हे सांगितलं तेव्हा ती हसत होती, पण दप्तराचा बंद तिने पार पिळून काढला होता.

तुला कळवू नये असं आधी वाटलं. मग वाटलं, दुसऱ्या कुणाकडून कळलं तर माझी खैर नाही. जेवत जा वेळेवर.

तुझी,
ताई

१९ जून

ती. ताईंना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र भर कामात आलं. दवाखान्यात रांग लागली होती. एकाच्या डोळ्यात दगडाचा कण गेला होता, तर मी त्याच्या दुसऱ्याच डोळ्यात औषध घालायला निघाले. "सिस्टर, घरी बरं आहे ना?" असं त्यानेच मला विचारलं.

ताई, काहीही करा, पण तिला त्या वर्गातून बाहेर काढा. माणसं एकदा नाव ठेवतात ते कायमचं चिकटतं. मी शिकाऊ होते तेव्हा एका मुलीला सगळे मठ्ठ म्हणायचे. ती नव्हती तशी, पण वर्षभरात झाली. माझ्या खारूचं तसं नको व्हायला. ती दवाखान्याच्या बाकावर बसून राहायची ती माझ्यामुळेच, मला तिला सोडून राहवत नव्हतं म्हणून. आणि बघा, आता कुठे येऊन बसलेय.

इथला फोन फक्त ऑफिसात आहे आणि तो बहुतेक वेळा मुकाच असतो. त्यामुळे आठवड्याला सामानाचा ट्रक खाली जातो, तोच माझा आधार. माझा करार सप्टेंबरअखेर संपतो. मोठे साहेब अजून एक वर्ष राहा म्हणून आत्तापासून मागे लागलेत, कारण इतक्या वर यायला दुसरी नर्स तयार होत नाही. मी काहीच बोलले नाहीये. खारूचं नीट चाललंय असं दिसलं तर एक वर्ष ओठ आवळून काढीन. नसेल तर सगळं टाकून येईन. पण मला खरं काय ते कळायला हवं, ताई. इतक्या लांब बसून अंदाज करत राहणं फार वाईट.

तुमचीच

११ जुलै

नर्सबाई,

तू काळजी करून करून वाळशील आणि इथे परत आलीस की तुझे सगळे कपडे मलाच आत घ्यावे लागतील. म्हणून आधी चांगली बातमी.

मी तो वर्ग बघून आले. भांडायलाच गेले होते. खोली लहान आहे, खाली चटई आहे, आणि आडव्या दोरीला चिमटे लावून गोष्टींची कार्डं टांगली आहेत. बाई अगदी काडी आहेत, आवाज त्याहून बारीक. त्या एका मुलासमोर बसतात आणि गप्प राहतात. तो अडतो, तरी गप्प. मला तिथे बसवेना. मी त्यांना म्हटलं, "अहो, सांगा की त्याला!" त्या म्हणाल्या, "सांगितलं तर ते अक्षर माझं होईल. त्याचं व्हायला हवं." पगार कशाचा घेतात, हे मी विचारलं नाही. तेवढा पोच आहे मला.

ती कार्डं मुलांना एकेक करून घरी नेता येतात. खारू रोज एक आणते. मी काजं-बटणं करता करता तिला वाचायला बसवते. ती अडखळली की मी सांगते, ती माझ्यामागून म्हणते. दुसऱ्या दिवशी पाहावं तर घडाघडा! मी शिवण अशीच शिकले. आमच्या उस्तादांनी कधी काही समजावलं नाही, ते करतील तसं करायचं, हात आपोआप बसतो. तिचंही आधी तोंडात बसेल, मग डोळ्यांत उतरेल. हरवलेल्या छत्रीची गोष्ट तर ती अशी वाचते की खालच्या मजल्यावरचे इस्त्रीवाले काका हातातली इस्त्री बाजूला ठेवून ऐकतात.

ऑगस्टमध्ये हेडबाई स्वतः परीक्षा घेणार आहेत. जो नीट वाचेल तो वर्गातून सुटला. तू बघच.

ताई

२ ऑगस्ट

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मी उशाखाली ठेवलंय. खारू घडाघडा वाचते हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगितलं तर हसाल.

पण ताई, परीक्षेच्या दिवशी ती घाबरणार नाही ना? अनोळखी माणसासमोर तिची वाचा बसते. तुम्ही दाराशी उभ्या राहाल का? तुम्ही दिसलात की ती बोलेल. आणि तिला म्हणावं, आईने सांगितलंय, या वर्गातून सुटलीस की आई तुला एकटीला पत्र लिहील. मोठ्या माणसांना लिहितात तसं.

देव करो आणि सुटो एकदाची.

तुमचीच

२० ऑगस्ट

नर्सबाई, पेढे वाटा म्हटलं असतं, पण तिथे डोंगरात तुला कोण देणार! खारू सुटली.

परीक्षेला बाहेरूनही कुणी साहेब आले होते, किती मुलं तयार झाली ते बघायला. डब्यातून कार्ड काढायचं होतं. हिने काढलं ते नेमकं छत्रीचंच. मी दाराशीच होते. असं वाचलं, असं वाचलं! हेडबाईंनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मान डोलावली. काडीबाईंनी मात्र मान डोलावली नाही. खारूच्या केसांवरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आपलं माणूस सुटलं की वाईट वाटतंच. तिची जागा दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या मुलीला दिली म्हणे, बाहेर रांग आहे.

येताना मी सगळ्या गल्लीला सांगत आले. इस्त्रीवाल्या काकांनी तिच्या गणवेशाला फुकट इस्त्री करून दिली.

हल्ली तिचं पोट जरा दुखतं सकाळी. शाळेच्या वेळेला दुखतं, सुट्टीच्या दिवशी राहतं. मोठ्या वर्गाची सवय व्हायला वेळ लागणारच. जंताचं औषध दिलंय. तू नर्स आहेस म्हणून सांगितलं, नाहीतर हे लिहिण्यासारखं नव्हतं.

ताई

३० ऑगस्ट

(पाकिटावर: फक्त खारूसाठी. आत्याने वाचू नये.)

लाडक्या खारूस,

कबूल केल्याप्रमाणे हे पत्र तुझ्या एकटीचं. तू ते स्वतः वाचते आहेस या कल्पनेनेच मला आज फार श्रीमंत झाल्यासारखं वाटतंय.

माझी खोली पत्र्याची आहे. खिडकीतून डोंगराचं तोंड दिसतं आणि त्यातून दिवसभर गाड्या दगड घेऊन बाहेर येतात. काल एका मजुराच्या बोटाला टाके घातले. त्याने विचारलं, "दुखेल का?" मी म्हटलं, "हो, पण थोडंच." खोटं सांगितलं की माणूस दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही. म्हणून तुलाही मी खरंच विचारणार आहे आणि तूही खरंच सांग.

मोठे साहेब मला आणखी एक वर्ष थांबायला सांगत आहेत. मी घरी परत येऊ, की अजून एक वर्ष इथे राहू? आत्याला विचारू नकोस. ती तुला धीटपणे वागायला शिकवेल, आणि मला तुझा धीटपणा नको आहे. तुझ्या मनात आहे तेच मला हवं आहे. उत्तर पाठव. नाही आलं तर मी समजेन की माझी मुलगी मजेत आहे आणि मी निश्चिंतपणे राहीन.

तुझी आई

१६ सप्टेंबर

ती. ताईंना नमस्कार.

खारूला पाकीट मिळालं ना? दोन्ही ट्रकांची वाट पाहिली, काही आलं नाही. ट्रकवाला आता मला लांबूनच हाताने "नाही" म्हणून खुणावतो.

मी तिला विचारलं होतं, येऊ की राहू. उत्तर आलं नाही तर मजेत आहेस असं समजेन, असंही लिहिलं होतं. तेव्हा ती मजेत आहे असं समजते. ते समजायला इतकं जड का जातंय कुणास ठाऊक. तिचं मन तिथे रमलंय, वाचायला येतंय, मैत्रिणी झाल्या असतील. मग मी इथे राहिले तर तिचं काय बिघडतंय, नाही का? महिन्याच्या शेवटच्या दिवशी सही करायची आहे. साहेबांना मी हो म्हणून सांगितलंय.

पोटाचं काय झालं तिच्या? त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

तुमचीच

२५ सप्टेंबर

अगं, सही करू नकोस.

हे पहिल्या ओळीत लिहिलंय, कारण पुढचं वाचायला तुला उशीर होईल. तुमच्या ऑफिसात फोन लावला. कुणीतरी उचलला, "हॅलो हॅलो" केलं आणि लाईन मेली. नंतर लागला तेव्हा निरोप ठेवलाय, पण ज्याने घेतला त्याला आधी "नर्स आजारी आहे" असं ऐकू आलं. तो काय सांगेल देव जाणे. म्हणून हे पत्र.

तुझं पत्र आलं तेव्हा मी खारूला विचारलं, "आईला उत्तर का नाही पाठवलंस गं?" ती उठून आत गेली. मग उशीच्या अभ्र्यातून पाकीट काढून आणलं. पाकीट फोडलेलं, पत्र इतक्यांदा उघडून मिटलेलं की घडीवर फाटायला आलंय. मी म्हटलं, "वाचलंस ना?" तर मान खाली. "मग मला का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "तू सगळ्यांना सांगितलंस ना आतू, मला वाचता येतं म्हणून."

हातातली कात्री खाली ठेवायचंही सुचलं नाही.

तशीच तिला घेऊन शाळेत गेले. काडीबाई नळांशेजारच्या खोलीत एकट्या कार्डं पुसत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कपाटातून त्यांनी एक कोरं करकरीत कार्ड काढलं. त्यावर थांब्यावर उभ्या बसचं चित्र होतं. "वाच बाळ," म्हणाल्या. खारूने कार्ड सरळ धरलं, ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. हरवलेल्या छत्रीची गोष्ट! बोट बसच्या ओळींवरून चाललंय आणि तोंडात छत्री. कार्ड संपलं, गोष्ट शिल्लक होती, तर तिने बोट पुन्हा वर नेलं आणि उरलेली गोष्ट पहिल्या ओळीपासून पुरी केली. मग आमच्याकडे बघून हसली. ते हसू मला विसरता येत नाहीये गं. बरोबर आलं ना, असं विचारणारं हसू.

मी तिथेच चटईवर बसले आणि रडले. होय, मी. तुझ्यासमोर कधी रडले नाही, भाऊ गेला तेव्हाही नाही.

काडीबाई म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवशीच मला शंका आली होती. पण वरचे साहेब किती मुलं वर्गातून बाहेर पडली एवढंच विचारतात. मी बोलायला हवं होतं." मग आम्ही दोघी हेडबाईंकडे गेलो. हेडबाईंचं म्हणणं, एकदा तयार म्हणून नोंद झालेलं मूल या वर्षी परत घेता येत नाही, जागाही भरलेली. मी तोंड उघडणार होते, तुला माहीत आहे माझं तोंड. पण काडीबाई त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "जागा बाकावर असते. माझ्या खोलीत चटई आहे. शाळा भरायच्या आधी ही माझ्याकडे बसेल, त्याची नोंद कुणी करू नये." हेडबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. म्हणजे हो.

निघताना मी विचारलं, "घरी मी काय करू?" म्हणाल्या, "तुम्ही एकच करायचं. गप्प बसायचं." इतकं अवघड काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं.

आणि लगेच करावंही लागलं. घरी आल्यावर मी तिच्याकडे हात केला, "आण ते पत्र, पटकन वाचून दाखवते." टपालाची वेळ टळत होती, तुझी सही डोळ्यांसमोर दिसत होती. तर तिने पत्र छातीशी धरलं. "हे माझ्या एकटीचं आहे." मग काय! मी मशीनवर बसले, पाय हलवला नाही. सुटी अक्षरं तिला येतात, ती एकेक जुळवत होती. अडली की माझ्याकडे बघायची आणि मी ओठ दाताखाली धरायची. जोडाक्षर आलं की सगळं ठप्प. ते तिने कागदावर उतरवून घेतलं आणि सकाळी बाईंकडे नेलं. त्या दिवशीचं टपाल चुकलं. पुढच्या दिवशीचंही चुकलं. मला ते पत्र हिसकावून घ्यावंसं वाटत होतं, नर्सबाई, खोटं कशाला सांगू. काल संध्याकाळी ती एकदम थांबली. "आतू, आई विचारतेय, येऊ की राहू." मी म्हटलं, "हो का?" याच्यापुढे एक शब्द बोलले नाही, शप्पथ.

तिचं उत्तर सोबत आहे. पाकीट तिनेच चिकटवलंय, इतका गोंद लावलाय की तुला कात्रीने फोडावं लागेल. आत काय आहे ते मला माहीत नाही. राहा म्हणाली असेल तर तसं. पण तोवर सही करू नकोस. आणि केली असशील तर त्याचा दोष तुझ्यावर किंवा तिच्यावर नाही. "खरं काय ते कळायला हवं" म्हणाली होतीस. मी तुला ते कळू दिलं नाही.

पोट जंतांमुळे दुखत नव्हतं.

तुझी,
ताई

(सोबतच्या पाकिटात)

आई

तुझं पतर मी वाचलं. खूप दिवस लागले. आतूने एक पण अकशर सांगितलं नाही. ती दात खात होती.

तू बोललीस खरं सांग. मी मजेत नाही. तू ये.

मला बसची गोषट येते आता. पाठ नाही. वाचून येते.

खारू

६ ऑक्टोबर

(पाकिटावर: खारू)

खारू,

हे तू वाच. हळूहळू वाच. मला घाई नाही. जड अकशरं मी लिहिली नाहीत.

मी सही केली होती. मग तुझं पाकीट आलं. गोंद फार होता. मी ते उभी राहून वाचलं, मग बसून वाचलं. मग साहेबांकडे गेले आणि कागद परत मागितला. साहेब रागावले. मी तुझं पाकीट पुढे केलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग कागद फाडला.

इथे नवीन बाई आली की मी निघते. थोडे दिवस लागतील. तोवर रोज चटईवर बस.

आतू आता दारात उभी असेल. आई काय लिहिते, काय लिहिते, असं विचारत असेल. तिला हे देऊ नकोस. तूच वाचून दाखव.

तिला सांग, आई येते.